परदेशातला पहिला क्लायंट कसा मिळवायचा? फ्रीलान्सरांचे नेहमीचे प्रश्न

डिझाइन, प्रोग्रॅमिंग, लेखन, भाषांतर, हिशेब, व्हिडिओ एडिटिंग अशी कामं स्वतंत्रपणे करणारे आणि दुसऱ्या देशातल्या क्लायंटपर्यंत पोचू पाहणारे लोक मला जे प्रश्न सतत विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. आपण कमी पडतो ते कौशल्यात किंवा स्पर्धेत, असं बहुतेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. हजारो किलोमीटरवर बसलेल्या माणसाला तुमच्याबद्दल काहीच माहीत नसतं. पैसे दिले आणि हा गायब झाला तर? काम अर्धवट सोडलं तर? माझ्या सिस्टिमचा पासवर्ड याच्या हाती कसा देऊ? त्याची ही धाकधूक ज्याने कमी होते, त्यानेच पहिलं काम मिळतं. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

सुरुवात कुठून करू?

तुम्हाला आधीपासून ओळखणाऱ्या माणसांपासून. हे ऐकून लोक हिरमुसतात, कारण त्यांना एखाद्या वेबसाइटचं नाव हवं असतं. पण पहिलं परदेशी काम बहुधा असंच येतं: जुना सहकारी दुसऱ्या देशात गेलेला असतो, तिथे कुणीतरी "हे काम करणारा कुणी माहीत आहे का?" असं विचारतं, आणि त्याला तुमचं नाव आठवतं. त्याने शब्द टाकला की क्लायंटची निम्मी भीती तिथेच संपते.

तेव्हा स्प्रेडशीट उघडा आणि नावं लिहायला बसा. बरोबर शिकलेले, बरोबर नोकरी केलेले, जुने वरिष्ठ, परदेशी ऑफिसातले ज्यांच्याशी तुम्ही फक्त ईमेलवर बोललात ते सगळे, ज्यांच्याकडून तुमची कंपनी काही विकत घ्यायची ते पुरवठादार. हा शेवटचा गट लोक हमखास विसरतात. पुरवठादारांची ऊठबस अनेक कंपन्यांमध्ये असते आणि तुम्ही कसं काम करता हे त्यांनी पलीकडच्या बाजूने पाहिलेलं असतं.

एक खबरदारी घ्या. जुन्या कंपनीच्या ग्राहकांना थेट गाठण्याआधी नोकरीचा करार काढून वाचा. सोडल्यानंतर ठरावीक काळ त्या ग्राहकांकडे काम मागायचं नाही, असं कलम पुष्कळ करारांत असतं.

ओळखीच्या माणसाला नेमकं काय लिहू? मागायला संकोच वाटतो.

संकोच वाटतो कारण आपण काम मागतोय असं आपल्याला वाटतं. काम मागू नका. तुमचं नाव योग्य ठिकाणी पोचवायला सांगा. एक नमुना देतो:

"हाय, कशी आहेस? आपण पेमेंटच्या पानावर एकत्र काम केलं त्याला बराच काळ झाला. मी आता स्वतंत्रपणे काम करतोय. ऑनलाइन दुकानांची चेकआउटची पानं मोबाइलवर अडखळतात, ती दुरुस्त करून देतो. पुढच्या महिन्यात एका छोट्या कामाला वेळ आहे. तुझ्या ओळखीत कुणाला ही अडचण असेल तर माझं नाव सांगशील का? खाली दोन ओळी लिहिल्यात, त्या तशाच पुढे पाठवता येतील. कुणी नसेल तरी काही हरकत नाही. तुझं कसं चाललंय ते कळव."

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. काम कोणतं ते एका वाक्यात कळतं. एकत्र केलेल्या कामाची आठवण आहे, त्यामुळे तिला पुढे खात्रीने बोलता येतं. आणि पुढे पाठवायच्या दोन ओळी तयार आहेत. ही तिसरी गोष्ट फार कमी लोक करतात. तुमची शिफारस करायला समोरच्याला स्वतः काही लिहावं लागलं, तर तो ते उद्यावर टाकतो आणि मग विसरून जातो.

हाच मजकूर शंभर जणांना एकगठ्ठा पाठवू नका. प्रत्येकाला वेगळा लिहा, भले रोज तीनच पाठवून होतील.

माझी परदेशात कुणाशीच ओळख नाही. मग?

मग ज्यांच्याकडे परदेशी क्लायंट आधीच आहेत, त्यांच्यापर्यंत पोचा. हे दोन प्रकारचे लोक असतात: छोट्या एजन्सी आणि तुमच्याच क्षेत्रातले जुने फ्रीलान्सर. दोघांकडे कधी ना कधी हातातल्या वेळेपेक्षा जास्त काम येतं आणि विश्वासाचा माणूस लागतो. पाच ते वीस माणसांची एजन्सी तुम्हाला भरवशाची वाटली, तर तिथल्या प्रोजेक्ट मॅनेजरला लिहा. संस्थापकाला नको. डेडलाइन चुकली की बोलणी मॅनेजरला खावी लागतात, त्यामुळे राखीव हाताची किंमत त्याला जास्त कळते.

एजन्सीमार्फत पैसे कमी मिळतात आणि कामावर तुमचं नाव येत नाही, हे खरं. तरीही पहिल्या कामासाठी हा मार्ग मला सर्वांत आवडतो. क्लायंट शोधणं, त्याची समजूत काढणं, वसुली करणं हे सगळं एजन्सी करते, आणि परदेशी कामाची पद्धत तुम्हाला आतून पाहायला मिळते: फीडबॅक कसा येतो, बदल कसे मागितले जातात, काम कुठल्या टप्प्यावर संपलं म्हणायचं.

दुसरा मार्ग तुमच्या क्षेत्राच्या चव्हाट्यांचा. प्रोग्रॅमर असाल तर हॅकर न्यूज या चर्चेच्या साइटवर दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी फ्रीलान्सर हवे असणाऱ्यांचा आणि काम शोधणाऱ्या फ्रीलान्सरांचा वेगळा धागा निघतो. भाषांतरकारांसाठी प्रोझ नावाची साइट आहे. तिथल्या ब्लू बोर्डवर एजन्सींबद्दल भाषांतरकारांनी दिलेले शेरे असतात. काम घेण्याआधी ते पाहिलेच पाहिजेत. डिझायनरांसाठी बिहान्स आणि ड्रिबल. ओपन सोर्स प्रकल्पात एखादी नेमकी दुरुस्ती करून दिलीत तर तो प्रकल्प वापरणाऱ्या कंपन्यांच्या नजरेला तुमचं नाव पडतं. या ठिकाणी लगेच काम मागायला जाऊ नका. आधी काही महिने लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्या. कोण काय जाणतं हे तिथले लोक लक्षात ठेवतात.

अपवर्क, फाइव्हर यांवर जावं का?

जा, पण तेवढ्यावर विसंबू नका. या मंचांचा खरा उपयोग काम शोधण्यापेक्षा व्यवहाराच्या सुरक्षेसाठी आहे. अपवर्कवर ठरावीक रकमेच्या कामात क्लायंटला त्या टप्प्याचे पैसे आधी एस्क्रोत, म्हणजे काम होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात, भरावे लागतात. तुम्ही काम सादर केल्यावर त्याने १४ दिवसांत काहीच कळवलं नाही, तर पैसे आपोआप तुमच्याकडे येतात. तासांवरच्या कामाला संरक्षण हवं असेल तर त्यांचं टाइम ट्रॅकर ॲप चालू ठेवावं लागतं, आणि ते तुमच्या स्क्रीनची चित्रं घेतं. हे मान्य आहे का, ते आधी ठरवा.

याची किंमत मोजावी लागते. फाइव्हर विक्रेत्याच्या कमाईतून २० टक्के कापतो. अपवर्कचं कमिशन बरीच वर्षं सरसकट नव्हतं, २०२३ मध्ये ते १० टक्के झालं, आणि २०२५ पासून नव्या करारांवर कामानुसार ० ते १५ टक्के लागतं. शिवाय तिथे प्रस्ताव पाठवायला कनेक्ट्स खर्च होतात, म्हणजे अर्ज करायलाही पैसे. म्हणून मोजके प्रस्ताव पाठवा. वर्णन नेमकं आहे, क्लायंटने पूर्वी लोकांना काम देऊन पैसे दिलेले दिसतात, आणि जाहिरात ताजी आहे, अशाच कामाला अर्ज करा. पहिल्या दोन ओळींत तुमचा परिचय लिहू नका. त्याच्या कामाबद्दल लिहा, कारण यादीत त्याला आधी तेवढंच दिसतं.

अपवर्कवर भेटलेल्या क्लायंटला बाहेर नेऊन पैसे घेणं नियमाबाहेर आहे. हे बंधन दोन वर्षांचं असतं आणि आधी सुटायचं असेल तर शुल्क भरावं लागतं. "थोडी बचत होईल, बाहेरच करू" असं क्लायंट पहिल्याच संदेशात म्हणाला, तर मी तिथेच थांबेन. बाहेर पडलात की एस्क्रोही गेला.

दाखवायला काहीच नाही. सगळं काम गुप्ततेच्या करारात अडकलंय.

मग दाखवण्यासाठीच एक काम करा. प्रत्यक्षात असलेली, सगळ्यांना उघडपणे दिसणारी एखादी अडचण निवडा, ती कशी सोडवाल ते करून दाखवा आणि का तसं केलं ते लिहा. गुळगुळीत दहा नमुन्यांपेक्षा एका कामाचं मोकळं टिपण जास्त बोलतं: काय बिघडलं होतं, कोणते पर्याय होते, कोणता का सोडला, शेवटी काय बदललं. क्लायंटला तुमच्या डोक्यात काय चालतं ते पाहायचं असतं. नोकरीतल्या कामाबद्दल, नावं आणि आकडे गाळून काय लिहिता येईल, हे जुन्या वरिष्ठांना सरळ विचारा. पुष्कळदा परवानगी मिळते.

एकाच गोष्टीत विशेष असायला हवं का? मला बरंच काही येतं.

येऊ द्या. पण अनोळखी माणसाला एकच सांगा. "वेबसाइट बनवतो" म्हणणाऱ्याचं नाव कुणाला आठवत नाही. "दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटची पानं बनवतो" म्हणणाऱ्याचं आठवतं. पहिलं काम झाल्यावर बाकीचं सांगायला भरपूर वेळ असतो.

अनोळखी कंपन्यांना थेट ईमेल पाठवले तर चालतात का?

चालतात, पण थोडे आणि अभ्यास करून पाठवलेले. दोन ईमेल शेजारी ठेवून पाहा. पहिला: "आम्ही दर्जेदार वेब सेवा किफायतशीर दरात देतो, संधी द्यावी." दुसरा: "तुमच्या ऑर्डरच्या फॉर्ममध्ये पिनकोडच्या रकान्यात फक्त ५ आकडे चालतात. जर्मनीला ते ठीक आहे, पण नेदरलँड्सचा पिनकोड ४ आकडे आणि २ अक्षरांचा असतो, त्यामुळे तिथल्या ग्राहकाला पुढे जाता येत नाही. तुम्ही नेदरलँड्सला माल पाठवता असं साइटवर लिहिलंय, म्हणून कळवलं. सोबत स्क्रीनशॉट आहे. दुरुस्ती छोटी आहे; हवी असेल तर करून देईन."

दुसरा ईमेल लिहायला तास जातो. तो वाचणाऱ्याला मात्र कळतं की या माणसाने आपली साइट खरोखर वापरून पाहिली आणि याला काम समजतं. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

कायदा देशागणिक बदलतो, हे विसरू नका. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार न मागता व्यावसायिक ईमेल पाठवता येतो. पण विषय फसवा नको, तुमचा टपालाचा पत्ता हवा, आणि "नको" म्हणणाऱ्याला कामाच्या १० दिवसांच्या आत यादीतून काढावं लागतं. कॅनडात २०१४ पासून संमती लागते, स्पष्ट किंवा परिस्थितीवरून गृहीत धरता येईल अशी. जर्मनीत जाहिरातीच्या ईमेलला आधी स्पष्ट संमती लागते, आणि कंपन्यांनाही त्यातून सूट नाही. युरोपियन युनियनमध्ये माणसाच्या नावाचा ईमेल पत्ता ही वैयक्तिक माहिती ठरते आणि तिला मे २०१८ पासून जीडीपीआर हा माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. त्यामुळे विकत घेतलेल्या याद्यांच्या वाटेला जाऊच नका. जर्मनीसारख्या देशात परिचयातून किंवा चव्हाट्यांवरून गेलेलं बरं.

पहिलं काम फुकट करून देऊ का?

नको. फुकट कामाची क्लायंटला फिकीर नसते. तो वेळेवर माहिती देत नाही, फीडबॅक देत नाही, आणि शेवटी ते काम पडून राहतं. त्यातून शिफारसही मिळत नाही.

त्याची धाकधूक कमी करायची असेल तर दर उतरवू नका, काम छोटं करा. अख्ख्या वेबसाइटऐवजी एक पान. अख्ख्या पुस्तकाऐवजी एक प्रकरण. सहा महिन्यांच्या कामाआधी एका आठवड्याची पाहणी आणि तिचा लेखी अहवाल, पूर्ण दराने. क्लायंटचे थोडेच पैसे पणाला लागतात आणि तुमचा दर पहिल्या दिवसापासून जागेवर राहतो. एकदा उतरवलेला दर त्याच क्लायंटकडे वर नेणं फार कठीण जातं.

चाचणीचं काम मागितलं तर तासाभराचं असेल आणि प्रत्यक्ष वापरता येणार नसेल, तर करायला हरकत नाही. त्यापुढे पैसे मागा.

दर किती सांगू?

आधी स्वतःचा हिशेब करा. वर्षात ५२ आठवडे. सुट्ट्या, आजारपण, सणवार धरून ४५ उरतात. आठवड्यातले ४० तास सगळे बिलात लावता येत नाहीत. क्लायंट शोधणं, प्रस्ताव, हिशेब, शिकणं यांत जवळपास निम्मे जातात. म्हणजे वर्षाला साधारण १,००० तास विकता येतात. वर्षाला हाती हवी असलेली रक्कम, कर, विमा, सॉफ्टवेअर, उपकरणं, बँकेचे आकार यांची बेरीज करा आणि तिला १,००० ने भागा. हा तुमचा तळ. नोकरीतल्या पगाराला २,००० ने भागून दर ठरवणारे लोक काही महिन्यांत दमून जातात.

वरची मर्यादा क्लायंटच्या बाजूने ठरते: तेच काम त्याने तिथल्या तिथे करून घेतलं तर काय पडेल, आणि ते झालंच नाही तर काय नुकसान होईल. "आमच्याकडे स्वस्त पडेल" हा मुद्दा स्वतःहून काढू नका. स्वस्त म्हणून आलेला क्लायंट आणखी स्वस्त कुणी मिळाला की जातो.

बिल कोणत्या चलनात आणि विनिमयाचा फरक कुणी सोसायचा, हे दराबरोबरच बोलून घ्या. आपले खर्च ज्या चलनात नाहीत त्यात महिनोन्‌महिने चालणारं काम घेत असाल, तर दर ठरावीक काळाने पुन्हा पाहायचं कलम घाला.

पहिल्या कॉलवर काय बोलायचं?

कमी बोला, जास्त विचारा. हे काम आताच का काढलं? यापूर्वी कुणी करून पाहिलं का, आणि ते कुठे अडलं? झालेलं काम कोण मंजूर करणार? कधीपर्यंत हवंय, आणि ती तारीख का? "यापूर्वी कुणी केलं का?" या प्रश्नावर लोक मोकळे होतात. आधीचा माणूस मधेच उत्तरं द्यायचा बंद झाला, असं कळलं तर तुमच्या प्रस्तावात कामापेक्षाही "दर मंगळवारी आणि शुक्रवारी लेखी अहवाल" हे वाक्य महत्त्वाचं ठरतं.

कॉलवर किंमत सांगायची घाई नको. काय ठरलं त्याचा पाच-सहा ओळींचा ईमेल त्याच दिवशी पाठवा. पुष्कळ जण तो पाठवत नाहीत, म्हणून पाठवणारा लक्षात राहतो.

माझं इंग्रजी फार सफाईदार नाही.

क्लायंटला व्याख्यान ऐकायचं नसतं. छोटी वाक्यं, स्पष्ट तारखा, आणि कळलं नाही तर "पुन्हा सांगाल का?" एवढं जमलं की पुरतं. लेखी बोलणं जास्त ठेवा. आणि जगात सगळा व्यवहार इंग्रजीतच होतो असंही नाही. तुम्हाला स्पॅनिश, जपानी, फ्रेंच, अरबी येत असेल तर तिथे स्पर्धा खूपच कमी असते.

वेळेच्या फरकाचं काय करायचं?

रोज दोन-तीन तास दोघांचे जुळले तरी भागतं, फक्त ते कोणते हे आधी सांगा. तारखांकडे मात्र नीट लक्ष द्या. ०४/०५ म्हणजे अमेरिकेत ५ एप्रिल, ब्रिटनमध्ये ४ मे. महिना नेहमी अक्षरात लिहा आणि वेळेसोबत शहराचं नाव लिहा.

मार्च महिना विशेष जपा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर ५ ऐवजी ४ तास असतं. युरोपात ती शेवटच्या रविवारी ऑक्टोबरात मागे येतात, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, तेव्हा पुन्हा आठवडाभर हेच होतं. तुमच्या देशात घड्याळं बदलत नसतील तर क्लायंटची मीटिंग तुमच्याकडे तासाने सरकते. नवा क्लायंट आणि पहिल्याच मीटिंगला तुम्ही तासभर उशिरा, असं व्हायला नको.

करार लागतोच का? काम तर छोटं आहे.

लागतो, पण एका पानाचाही चालतो. दोघांनी ईमेलवर "मान्य" लिहिलेली यादीसुद्धा काही नसण्यापेक्षा बरी. त्यात इतकं तरी असू द्या: काय करणार आणि काय करणार नाही, बदलांच्या किती फेऱ्या, पैसे कधी, आणि दोघांपैकी कुणाला थांबायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं.

दोन कलमांवर मी नेहमी अडून बसतो. पहिलं मंजुरीचं. "काम सादर केल्यापासून ७ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते मंजूर समजलं जाईल." हे नसेल तर काम पूर्ण होऊनही महिनाभर "बघून सांगतो" वर लटकतं आणि पैसेही लटकतात. दुसरं हक्कांचं. "पूर्ण रक्कम मिळाल्यावर कामाचे हक्क क्लायंटकडे जातील." बहुतेक देशांत स्वतंत्र कंत्राटदाराने केलेल्या कामाचा कॉपीराइट लेखी करार करून दिल्याशिवाय आपोआप दुसऱ्याचा होत नाही, पण क्लायंटने पाठवलेल्या करारात "निर्मितीच्या क्षणापासून" असे शब्द बहुधा असतात. ते बदलून मागा. मोठी कंपनी नाही म्हणेल, छोटी बहुधा मानते.

क्लायंटच्या करारात नुकसानभरपाईची जबाबदारी अमर्याद असेल तर तिला मर्यादा घालायला सांगा. त्या कामाचे मिळालेले पैसे, ही नेहमीची मर्यादा आहे. रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा आणि लवादाचं कलम घ्या. १९५८ चा न्यूयॉर्क करार १७० हून जास्त देशांनी मान्य केलाय, त्यामुळे लवादाचा निवाडा दुसऱ्या देशात बजावणं कोर्टाच्या निकालापेक्षा सहसा सोपं जातं.

पैसे बुडाले तर?

छोट्या रकमेसाठी दुसऱ्या देशात दावा लावणं परवडत नाही, म्हणून सगळी काळजी आधीच घ्यावी लागते. नव्या क्लायंटकडून ३० ते ५० टक्के आगाऊ घ्या आणि ते खात्यात आल्यावरच काम सुरू करा. उरलेलं टप्प्याटप्प्याने. एका वेळी किती काम उधारीवर राहील याची मर्यादा मनाशी ठरवा आणि ती ओलांडली की नम्रपणे थांबा.

कायदे आहेत. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून, आणि अख्ख्या न्यूयॉर्क राज्यात ऑगस्ट २०२४ पासून, ८०० डॉलर किंवा जास्तीच्या फ्रीलान्स कामाला लेखी करार लागतो. पैसे द्यायची तारीख ठरली नसेल तर काम संपल्यावर ३० दिवसांत द्यावे लागतात. पण दूरवर बसलेल्या माणसाला कायद्यापेक्षा आगाऊ रक्कमच जास्त सांभाळते.

उशीर झाला की लगेच वाईट अर्थ काढू नका. मोठ्या कंपन्यांत तुम्हाला आधी व्हेंडर, म्हणजे पुरवठादार, म्हणून नोंदवावं लागतं, मग पर्चेस ऑर्डर, म्हणजे खरेदीचा लेखी आदेश, निघते, आणि तिचा क्रमांक बिलावर नसेल तर बिल हिशेब खात्यात पडून राहतं. ज्याने काम दिलं त्याला हे ठाऊकही नसतं. पहिल्याच आठवड्यात हिशेब खात्याचा ईमेल पत्ता मागून घ्या.

पैसे मागवायचे कसे?

बँकेतून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, आलेल्या पैशांतून मधल्या बँका आकार कापू शकतात. "अवर" निवडलं तर सगळे आकार पाठवणारा भरतो, "शेअर्ड"मध्ये दोघं, "बेन"मध्ये सगळे तुमच्या माथी. कोणतं, ते बिलावर लिहा. वाइज, पेओनियरसारख्या सेवा काही चलनांसाठी तिथल्या स्थानिक खात्याचा तपशील देतात, त्यामुळे क्लायंटला परदेशी व्यवहार केल्यासारखं वाटत नाही. पण तुमच्या देशात कोणत्या सुविधा मिळतात ते आधी पाहा. पेपॅल सोयीचं आहे, फक्त खरेदीदाराला १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते हे ध्यानात ठेवा.

बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव तंतोतंत एकच असू द्या. आणि क्लायंटला आधीच सांगून ठेवा: "माझं खातं बदलल्याचा ईमेल आला तर व्हिडिओ कॉल केल्याशिवाय पैसे पाठवू नका." असे खोटे ईमेल पाठवून बिलाचे पैसे पळवणाऱ्या टोळ्या आहेत.

अमेरिकन क्लायंटने डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागितलाय. भरू का?

भरा, तो नेहमीचा कागद आहे. तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही हे त्यात व्यक्ती म्हणून लिहून द्यायचं असतं; कंपनी असेल तर डब्ल्यू-८बेन-ई. तो क्लायंटकडे राहतो, तुम्ही कर खात्याला पाठवायचा नाही. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत साधारणपणे चालतो. अमेरिकेबाहेर बसून केलेल्या सेवेचं उत्पन्न तिथल्या कायद्यात अमेरिकेबाहेरचं धरलं जातं, त्यामुळे त्यावर सहसा तिथे कर कापत नाहीत. युरोपियन युनियनमधल्या कंपनीला सेवा देत असाल तर व्हॅटचा हिशेब बहुधा ती कंपनी स्वतःकडे करते. तिचा व्हॅट क्रमांक बिलावर घ्या. तुमच्या देशातला कर मात्र तुम्हालाच भरायचा आहे, आणि त्यासाठी पहिल्याच बिलाआधी सल्लागाराशी एकदा बोला.

क्लायंट विचारतो, "दुसऱ्यांसाठीही काम करता ना?" का?

तुम्ही नावाला फ्रीलान्सर आणि प्रत्यक्षात कर्मचारी आहात असं त्याच्या देशाने ठरवलं तर त्याच्यावर कर आणि दंड येऊ शकतो. यासाठी ब्रिटनमध्ये आयआर३५ चे नियम २००० पासून आहेत, कॅलिफोर्नियात २०२० पासून एबी५ हा कायदा. खरं असेल ते सांगा.

फसवणूक कशी ओळखू?

काम देण्याआधी पैसे मागणारा, जास्तीची रक्कम पाठवून उरलेली परत मागणारा, पहिल्याच संदेशात टेलिग्रामवर बोलावणारा, असे तिघेही टाळा. प्रोग्रॅमरांसाठी आणखी एक: मुलाखतीच्या नावाखाली "हा प्रकल्प चालवून पाहा" म्हणून कोड पाठवतात आणि त्यात पासवर्ड, क्रिप्टो वॉलेट चोरणारा मालवेअर असतो. २०२३ पासून असे प्रकार मोठ्या प्रमाणावर उघड झालेत. अनोळखी कोड रोजच्या मशीनवर चालवू नका. वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा किंवा नुसता वाचा.

नोकरी सोडून यात उतरू का?

पहिलं बिल वसूल होईपर्यंत सोडू नका, आणि बाहेरचं काम करायला नोकरीचा करार परवानगी देतो का ते बघा. हाताशी किमान सहा महिन्यांचा खर्च ठेवा. पहिली ओळख ते पहिले पैसे यांत सहज काही महिने जातात, आणि तंगीत असलेला माणूस कुठल्याही अटीला होकार देतो.

पहिलं काम संपलं. आता?

काम सादर केलं त्याच आठवड्यात, क्लायंट खूश असताना, दोन गोष्टी मागा. नावासकट दोन-तीन वाक्यांची शिफारस, आणि "अशी गरज असलेलं आणखी कुणी ओळखीत आहे का?" शिफारस लिहायला तो वेळ काढत नसेल तर विचारा, "सुरुवातीला तुमची काय अडचण होती, आणि आता काय बदललं?" त्याने दिलेलं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून त्याला दाखवा आणि छापायची परवानगी घ्या. मग दीड-दोन महिन्यांनी त्याला पुन्हा लिहा: तुम्ही केलेलं काम नीट चाललंय का, एवढंच विचारायला. पुढचं काम पुष्कळदा याच ईमेलच्या उत्तरात येतं.